पाण्याच्या टाकीखालचा राष्ट्रसंघ

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा कशाशीच संबंध नाही अशा सोलापूरकरांनाही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पहिल्या महायुद्धानंतर जगात शांतता राखण्यासाठी जो राष्ट्रसंघ स्थापन झाला, आणि दुसरं महायुद्ध थांबवता न आल्यामुळे जो बरखास्त झाला असं तुम्हाला शाळेत शिकवलं गेलं, तो बरखास्त झालेला नाही. ती अफवा आहे. तो फक्त जिनिव्हाहून हलला. सध्या तो सोलापुरात, आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीखालच्या सावलीत भरतो. त्याला चौदा प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, पैकी दोन मोडक्या. मी त्याचा संस्थापक सदस्य आहे.

हसू आलं असेल तर हसून घ्या. मीही हसलो होतो. तेव्हा बागवान सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "गणित, हसून झालं की सही करा."

सर मला नावाने कधीच हाक मारत नसत. मी त्यांच्या कॉलेजात गणित शिकवायला लागलो त्या दिवसापासून मी 'गणित' झालो. भूगोलाच्या बाई 'भूगोल' आणि प्राचार्य 'शासन'. स्वतः सर इतिहासाचे. घराणं फळवाल्यांचं, भाऊ, पुतणे, मेहुणे सगळे फळबाजारात. "आमच्या घरात मी एकटाच नासका निघालो," असं ते अभिमानाने सांगत. उंची बेताची, आवाज मात्र शेवटच्या बाकाच्याही पलीकडे जाणारा. उन्हाळ्यात काळी छत्री, हिवाळ्यात तपकिरी स्वेटर, आणि बारा महिने शर्टाच्या खिशात एक पेन्सिल. ती पेन्सिल एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी होती.

ह्या पेन्सिलीत सरांचं सगळं तत्त्वज्ञान होतं. झालं असं की, इतिहासाच्या पेपरात एक प्रश्न पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून बसला आहे: 'राष्ट्रसंघाच्या यशापयशाचे मूल्यमापन करा.' दहा गुण. ह्या प्रश्नाला विद्यार्थी काय करतात? अपयशाचे आठ मुद्दे धडाधड लिहितात. लष्कर नव्हतं, अमेरिका आली नाही, जपानने ऐकलं नाही, इटलीने ऐकलं नाही, जर्मनीने तर नाहीच. आणि यशाखाली एक ओळ: 'राष्ट्रसंघाने काही चांगली कामेही केली.' सरांना ही ओळ पाहिली की ठसका लागायचा.

"कोणती कामं? कोणती?" ते स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका फडकवत ओरडायचे. "युद्धकैदी घरी पोचवले. ज्यांना देशच उरला नाही त्यांना फिरायला कागद दिला. तापाच्या साथी अडवल्या, मलेरियाच्या मागे लागले, गुलामांना सोडवलं. हे 'काही'? अपयश सगळ्यांना पाठ असतं हो. यश शोधावं लागतं!"

म्हणून निळं टोक यशाला आणि लाल टोक अपयशाला. आधी निळं. हा नियम ते उत्तरपत्रिकांपुरता ठेवते तर प्रश्न नव्हता. पण लग्नाच्या पंगतीत ते पत्रावळीच्या कडेला पेन्सिल टेकवून पुटपुटत, "जिलेबी निळी, मठ्ठा लाल." प्राचार्यांच्या निरोप समारंभात त्यांनी भाषणात अकरा निळे मुद्दे सांगितले, सभागृह गहिवरलं, आणि मग म्हणाले, "आता लाल." त्यांना हाताला धरून खाली बसवणाऱ्यांत मी होतो.

एकदा सामायिक पेपरतपासणीला मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर होतो. एका पोराने त्या दहा गुणांच्या प्रश्नाला एकच वाक्य लिहिलं होतं: 'राष्ट्रसंघ खूप चांगला होता पण त्याचे कोणी ऐकले नाही.' मुख्य परीक्षकांनी त्यावर भलं मोठं शून्य काढलेलं. सर पेपर घेऊन उभे राहिले.

"चार गुण द्या."

"अहो बागवान, एक मुद्दा नाही ह्यात!"

"'चांगला होता' हे यश. 'कोणी ऐकलं नाही' हे अपयश. मूल्यमापन पूर्ण आहे. फक्त थोडक्यात आहे."

"नियमात बसत नाही."

"नक्को बसू दे," सर म्हणाले. तावात आले की ते दखनीत उतरायचे. "शून्य देतो मैं तो नै. शून्य म्हणजे पोरगं परीक्षेला आलंच नाही. ते आलं होतं!"

पाऊण तास वाद झाला. बाहेरचा चहा थंड झाला. शेवटी अडीच गुणांवर तह झाला, आणि सर विजयी मुद्रेने जागेवर आले. मी म्हटलं, "सर, अर्धा गुण कशाचा?" म्हणाले, "पूर्णविराम दिलाय बघा त्याने. किती जण देतात?"

मध्यस्थीची त्यांना दांडगी हौस. नवी पेठेत, भर गर्दीच्या वेळी, एका रिक्षेची आणि एका हातगाडीची टक्कर झाली. दोघं एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करत होते. सरांनी छत्री मिटली, मध्ये शिरले आणि विचारलं, "पहिलं पाऊल कोणाचं?" तेव्हा जी चौकशी सुरू झाली तिच्यात साक्षीदार वाढत गेले, दोन्ही बाजूंची रहदारी तुंबली, कापडवाले गाद्या सोडून बाहेर आले. शेवटी रिक्षावाला आणि हातगाडीवाला दोघंही एक झाले आणि सरांना म्हणाले, "चाचा, आता तुम्ही जावा." सर घरी येऊन सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगत होते, "वहिनी, दोन्ही पक्षांत एकवाक्यता घडवून आणली!"

हो, सर आमच्याच इमारतीत राहत. तळमजला आणि वर चार मजले. निवृत्तीनंतर त्यांना वर्ग उरला नाही. मग त्यांनी इमारतच वर्गात घेतली.

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. बाहेरगावच्या पाहुण्यांना ह्यात नवल वाटतं. आम्हाला पाणी रोज आलं तर संशय येईल. पाणी आलं की आधी खालच्या हौदात पडतं, तिथून मोटर ते गच्चीवरच्या टाकीत चढवते, आणि टाकीतून घरोघरी. ह्या तीन पायऱ्यांवर जगातली सगळी भांडणं मावतात.

एका उन्हाळ्यात भांडणं फारच वाढली, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या साळुंखे वहिनींनी सुचवलं, "सर, एक कमिटी काढू या. सगळ्यांनी मिळून ठरवायचं, भांडायचं नाही." सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवड्यात वही आली, घटना लिहून झाली, सह्या सुरू झाल्या. आणि साळुंखे वहिनींच्या घरूनच निरोप आला की त्यांचे मिस्टर नको म्हणतात. आम्हाला दुसऱ्यांच्या भानगडीत पडायचं नाही.

मला वाटलं सर खचतील. ते तर आनंदाने थरथरत माझ्या दारात आले. "गणित! अमेरिका! कल्पना तिच्या अध्यक्षांची आणि नकार त्यांच्याच घरातून! हुबेहूब!"

तेव्हा मला कळलं की त्यांनी मनातल्या मनात सगळ्या बिऱ्हाडांना देश वाटले होते. हे गुपित फक्त मला ठाऊक. मी भाडेकरू, म्हणून मी हिंदुस्थान. "स्वतंत्र नव्हता, पण सभासद होता," सर समजावत. "ही लहान गोष्ट नाही."

राष्ट्रसंघाचं पहिलं यश गच्चीवर नोंदलं गेलं. देशपांडे काकूंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. माझ्या बायकोने वरच्या तारेवर दोन चादरी टाकल्या. सोलापुरी चादर भिजली की तिचं वजन काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. ती रात्रभर ठिबकली नाही, एका तासात सगळं पाणी ओतून मोकळी झाली. कुरडयांची पेज झाली. काकूंनी चादरी ओढून खाली टाकल्या. सुनंदाने काकूंचं प्लास्टिक गुंडाळून जिन्यात टाकलं. युद्ध पेटलं.

सरांनी दोघींना हुकूम दिला: आधी आपापल्या हद्दीत मागे सरा, मग बोला. खडूने गच्चीवर रेघ मारली. चौकशी केली. निकाल दिला की आक्रमण चादरीचं, भरपाई हिंदुस्थानने द्यावी. म्हणजे मी. दोन किलो गव्हाचा चीक मी स्वतः घोटला. "ग्रीस आणि बल्गेरियाचं असंच मिटवलं होतं," सर कढईत डोकावत म्हणाले. "ते तर म्हणे एका कुत्र्यावरून पेटलं होतं. हलवा, हलवा, खाली लागतंय." ती रेघ आता रंगाने मारलेली आहे, आणि काकू आणि सुनंदा एकमेकींच्या कुरडयांच्या राखणीला बसतात.

तर यश असं सोपं होतं. आता लाल टोक.

चौथ्या मजल्यावर नरसव्वा राहतात. साठीच्या पुढच्या, एकट्या. नवरा गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता. त्याने आयुष्यभर राबून घेतलेली ती एक खोली. नरसव्वा विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, बोटं चालूच. त्यांच्या नळाला पाणी यायचं नाही. येई ते दोऱ्यासारखं, आणि मग तेही नाही. त्या खालच्या हौदातून घागर भरत आणि चार जिने चढत. इमारतीला लिफ्ट आहे, पण लिफ्टमध्ये पाटी होती: 'पाणी नेण्यास सक्त मनाई.' एकदा पाणी सांडून लिफ्ट बंद पडली होती, तेव्हा ती पाटी लावली होती. कोणी? राष्ट्रसंघाने. एकमताने.

आणि पहिल्या मजल्यावर बसवराज शेठ. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, घरात नऊ माणसं, पाहुणे वेगळे. माणूस अंगाने आणि आवाजाने भरभक्कम. त्यांनी हौदात स्वतःची वेगळी मोटर सोडली होती. नळाला पाणी आलं की शेठची मोटर आधी गुरगुरायची, त्यांच्या तीन टाक्या भरायच्या, आणि तोवर हौद तळाला जायचा. गच्चीवरच्या टाकीत उरलंसुरलं.

सभा बोलावली गेली. सरांनी ठराव वाचला. शेठ खुर्चीत मागे रेलून ऐकत होते.

"मास्तर, पाणी मी हौदातनं घेतो. तुमच्या घरातनं घेतो का?"

"हौद सगळ्यांचा आहे शेठ."

"मग मी सगळ्यातला न्हाय व्हय?"

"सगळ्यातले आहात, सगळे नाही आहात."

शेठ उठले. खुर्ची मागे पडली. "चालू द्या तुमचं," म्हणाले आणि जिना उतरून गेले. सर माझ्या कानाशी वाकले. डोळे चमकत होते. "बघितलंत? जपानचा प्रतिनिधी असाच उठून गेला होता. हुबेहूब!" आणि मग त्यांची नजर कोपऱ्यात बसलेल्या नरसव्वांकडे गेली आणि त्यांनी पेन्सिल खिशात टाकली.

बहिष्कार ठरला. शेठच्या घरच्यांना हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, कुरडया द्यायच्या नाहीत, जिन्यात भेटले तर 'काय शेठ' म्हणायचं नाही. मी म्हटलं, "सर, त्यापेक्षा शेठची मोटर बाहेर काढून हौदाच्या झाकणाला कुलूप लावा ना. पाच मिनिटांचं काम." तर देशपांडे काकू घाबरल्या. वीज गेली की लिफ्ट शेठच्या जनरेटरवर चालते. काकूंचे गुडघे शेठच्या जनरेटरवर चालतात. कुलूप लावलं आणि त्यांनी जनरेटर बंद केला तर? सगळ्यांनी माना डोलावल्या. कुलूप लावायचं राहिलं ते राहिलंच.

"इटलीवर सगळ्या मालाची बंदी घातली होती," सर जिना उतरताना हळू आवाजात म्हणाले. "तेल सोडून. रणगाडे तेलावर चालत होते."

महिन्याभराने शेठ मला जिन्यात भेटले. मी नियमाप्रमाणे बोललो नाही. तेच म्हणाले, "लई शांत वाटतंय बघा हल्ली. आधीच करायचं होतं की."

त्याच आठवड्यात सर आणि मी नरसव्वांकडे गेलो. सरांना त्यांना धीर द्यायचा होता. त्या सुपावरून नजर न उचलता ऐकत राहिल्या.

"अक्का, पुढच्या सभेत आपण आणखी कडक ठराव..."

"सर, तुमची मिटिंग लई छान असती. चहा बी चांगला असतो. पर घागर मीच उचलते न्हवं?"

त्यांनी वळलेली विडी बाजूला टाकली.

"परवा तिसऱ्या जिन्यात चक्कर आली. घागर गेली खाली, मी ऱ्हायले वर, म्हणून बरं. उगादी झाली की भिवंडीला लेकीकडं जाते. खोली इकायला सांगितलीय."

"तुम्हाला जायचंय का?"

बोटं थांबली. एवढ्या वेळात पहिल्यांदा. "जायचं कुणाला हाय? लेकीचं घर लेकीचं असतंय. हितं मालकानं दाराला स्वतः रंग दिलाय. विड्या वळायच्या माझ्या बाया हितं हायत. पर पाण्याबिगर कसं ऱ्हावं मानसानं?"

उगादीला, म्हणजे पाडव्याला, सहा आठवडे होते.

सर दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, उन्हाळा लागायच्या आधीच छत्री घेऊन माझ्या दारात हजर. शेंगाचटणीची वाटी मागून घेतली, भाकरीच्या तुकड्याने ती साफ केली, आणि बोलायला लागले.

"गणित, मी गाढव आहे. तीस वर्षं पोरांना यशाचे मुद्दे लिहायला लावले आणि स्वतः वाचले नाहीत. राष्ट्रसंघ कुठे हरला? जिथे मोठमोठे पुढारी समोरासमोर बसले आणि दोषी कोण हे ठरवायला लागले. आणि जिंकला कुठे? जिथे डॉक्टर बसले. नकाशेवाले बसले. कारकून बसले. जिथे कोणी कोणाला विचारलं नाही की चूक तुझी का माझी. विचारलं की डबकं कुठंय. आपण तीन महिने शेठची चूक मोजतोय. पाईप कोणी मोजलाय?"

"कोणी नाही."

"तुम्ही मोजा. तुम्ही तांत्रिक समिती. उद्या सकाळी आठ वाजता, हौदापाशी, शेठच्या बाल्कनीखाली. ते तिथेच चहा पितात."

"आणि?"

सरांनी वाटी खाली ठेवली. "आणि चुका. मोठ्याने चुका."

माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीतला हा सर्वांत अवघड तास. मी गणिताचा माणूस आहे. मला चूक दिसली की अंगावर झुरळ चढल्यासारखं होतं. सकाळी आठ वाजता मी हौदापाशी उभा राहिलो, हातात फूटपट्टी, शेजारी सर वही घेऊन. वर बाल्कनीत शेठ बनियनवर, बशीत चहा ओतून.

"हा वर चढणारा पाईप अर्धा इंच!" मी ओरडलो.

"लिहिलं!" सर ओरडले.

"त्याच्या जागी एक इंची टाकला, तर पाणी..." सरांनी डोळे वटारले. "...तर पाणी दुप्पट येईल!"

वर बाल्कनीत बशी वाजली.

"लिहिलं! दुप्पट!" सर म्हणाले.

"अय मास्तर!" वरून आवाज आला. "दुप्पट कसं? चौपट येणार! रुंदी दुप्पट झाली की तोंड चौपट होतंय!"

"नाही हो शेठ, अर्ध्याचा एक झाला म्हणजे दुप्पटच," मी म्हणालो. देव मला क्षमा करो.

"अय्ययो! असले मास्तर आमच्या पोरांना शिकवतात!" शेठ तसेच बनियनवर खाली आले. माझ्या हातातली फूटपट्टी घेतली. जमिनीवर दोन वर्तुळं काढून मला चौपट समजावलं. मी मान हलवून, दोन शंका विचारून, समजून घेतलं. मग त्यांना पाईप बघायचा होता. मग वरचा पाईप. चारही जिने ते धापा टाकत चढले, कारण वीज गेलेली होती आणि त्यांचा जनरेटर लावायला खाली कोणी नव्हतं. नरसव्वांच्या दारात त्यांनी पहिल्यांदा पाऊल ठेवलं असेल. त्यांनी नळाजवळचा पाईप आपल्या फिटरकडून त्याच दिवशी कापून घेतला. आतून क्षाराने पांढरा शुभ्र भरला होता. आत सुई जेमतेम गेली असती.

शेठ तो तुकडा डोळ्याला लावून बघत राहिले. "ह्याच्यातनं डास बी जायचा न्हाय. माझ्या कारखान्यात असला पाईप घावला असता ना, फिटरला मी..." मग त्यांचं लक्ष दाराआड ठेवलेल्या घागरीकडे गेलं. त्यांनी ती हाताने थोडी उचलून पाहिली. भरलेली होती. हळूच खाली ठेवली.

"हे घेऊन जिना चढता?"

"मग काय उडत येती व्हय?" नरसव्वा म्हणाल्या.

चार दिवसांत चिंचोळीहून माणसं आली, पाईप आले. शेठ स्वतः उभे. सर त्या चार दिवसांत मोटर हा शब्द चुकूनही बोलले नाहीत. मी विषय काढायला गेलो तर त्यांनी माझ्या पायावर पाय दिला. पाचव्या दिवशी शेठच म्हणाले, "आणि एक लिहा तुमच्या वहीत. वरची टाकी भरल्याबिगर माझी मोटर चालू व्हायची न्हाय. आणि दोन्ही मोटरीची बटणं माझ्याकडं ऱ्हातील. तुम्हा मास्तर लोकांच्या हातात मशीन देणं बरं न्हवं."

"हे कोणी सुचवलं असं लिहू?"

"मी सुचवलं!"

"तांत्रिक समितीच्या अध्यक्षांनी सुचवलं," सरांनी लिहिलं, आणि निळ्या टोकाने. ठराव एकमताने मंजूर झाला.

पुढे एकदा शेठनी मला जिन्यात गाठलं. "मास्तर, त्या दिवशी तुम्ही एवढं ओरडून कुणाला सांगत होता? पाईपाला?" मी काही बोलायच्या आत ते हसत पुढे गेले. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. तेव्हाही ठाऊक होतं का, हे मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "माणसाला खाली यायला जिना लागतो, गणित. तो कोणी बांधला हे विचारू नये."

उगादी आली. नरसव्वा गेल्या नाहीत. खोली विकायची नाही असं त्यांनी दलालाला सांगून टाकलं. जाणार होते ते सर. हैदराबादला मुलीकडे, कायमचे. डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि मुलगी ऐकत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी. म्हणून त्या दिवशी गच्चीवर राष्ट्रसंघाची खास सभा भरली. दोन मोडक्या खुर्च्यांसकट सगळ्या भरल्या. साळुंखे वहिनीसुद्धा आल्या, मिस्टरांना घेऊन. नरसव्वांनी उगादीची पच्चडी केली होती. सगळ्यांना पेल्यातून दिली. कडुलिंब, कैरी, गूळ, सगळं एका घोटात. शेठ पहिल्या रांगेत, झब्बा घालून.

त्या दिवशी पाण्याचा दिवस होता. खाली मोटर चालू होती.

सर टाकीखाली उभे राहिले. तपकिरी स्वेटर नव्हता, छत्री नव्हती; पांढरा शुभ्र शर्ट. हातात चार पानी भाषण. मला झालेलं त्यांचं ते शेवटचं दर्शन. हैदराबादहून त्यांचा फोन येतो, दर फोनला त्यांच्या मुलीच्या इमारतीत कोणता देश कोणत्या मजल्यावर राहतो ते कळतं. पण डोळ्यांसमोर येतात ते असे.

"मित्रहो," त्यांनी सुरुवात केली, "ज्या संस्थेला जगाने नापास केलं..." आणि मग बसवराज शेठचं कौतुक सुरू झालं. शेठ मान खाली घालून, हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होते. कौतुकाची सवय नसलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो ते मी पाहत होतो. सर रंगात आले. ते राष्ट्रसंघाने मिटवलेल्या आलँड बेटांच्या भांडणापर्यंत पोचले. देशपांडे काकूंनी डोळे पुसले.

तेवढ्यात वर टाकीत खळखळ झाली. कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण तो आवाज आमच्या इमारतीत कोणाच्या ओळखीचा नव्हता. टाकीच्या वरच्या कडेला एक पाईप आहे. टाकी भरून वाहायला लागली तर पाणी जायला. मी इतकी वर्षं राहतोय, मला तो पाईप शोभेचा वाटायचा. त्या पाईपातून मनगटाएवढी धार सुटली आणि थेट सरांच्या डोक्यावर पडली.

सर हलले नाहीत. भाषणाची शाई शर्टावर ओघळली, चष्मा नाकाच्या टोकावर आला. त्यांनी मान वर करून धारेकडे पाहिलं, तोंड उघडं, हात दोन्हीकडे पसरलेले. आम्ही सगळे खुर्च्यांवर थिजून बसलो होतो. टाकी भरून वाहते आहे, आमच्या इमारतीची टाकी, आणि कोणालाच उठावंसं वाटत नव्हतं. शेठ तर डोळे विस्फारून, स्वतःच्या कौतुकात आणि त्या धारेत बुडून, जागच्या जागी बसले होते.

मग कोपऱ्यातून नरसव्वा ताडकन उठल्या, हातातला पेला तसाच धरून, आणि पहिल्या रांगेकडे बघून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "ओ शेटजी! बसलाय काय? मोटर बंद करा की आदी, पाणी वाया चाललंय!"